तूसा आणि उंदरांची खोली

"मिसने तुला नाव विचारलंय. सांग बघू, नाव काय तुझं?" सोंदोसने पुन्हा विचारलं.

तूसाने ओठ आणखी घट्ट मिटून घेतले.

गच्चीवर, कबुतरांच्या खुराड्याशेजारी, बालवाडी भरली होती. उन्हाळ्याची सुट्टी लागल्यापासून ती रोज भरत होती. बारा वर्षांची सोंदोस झाली होती मिस. तिचा मामेभाऊ हाझेम झाला होता रडका मुलगा आणि शेजारचा कीरोलोस झाला होता दुसऱ्यांचा डबा खाणारा मुलगा. कीरोलोस हे काम फार मन लावून करायचा. या शाळेतली एकुलती एक खरी विद्यार्थिनी म्हणजे सोंदोसची धाकटी बहीण तस्नीम, म्हणजेच तूसा. वय वर्षं चार.

तूसाला सँडलचा पट्टा तिचा तिला लावता येत होता. हात धुऊन नळ बंद करायचा, शू लागली की वेळेत सांगायचं, डब्यात उरलेलं फेकायचं नाही, हे सगळं सोंदोसने तिच्याकडून घोटून घेतलं होतं. नाव तर ती वडिलांच्या आणि आजोबांच्या नावासकट इतकं ठणठणीत सांगायची, की खाली गल्लीतला भाजीवाला मान वर करून बघायचा. पण गेल्या काही दिवसांपासून बाईसाहेबांनी तोंडाला कुलूप घातलं होतं. घरात बडबड चालूच, "शाळा भरली" म्हटलं की कुलूप.

"मी रडून रडून थकलो," हाझेम म्हणाला. "आता खरंच रडू येईल मला."

सोंदोसला मात्र हसू आलं नाही. येत्या गुरुवारी खऱ्या बालवाडीत नव्या मुलांची भेट होती. तिथल्या इनासमिस प्रत्येक मुलाशी बोलणार होत्या. जे मूल बोलत नाही, आईचा हात सोडत नाही, त्याच्या आईला त्या गोड हसून सांगायच्या, "पुढच्या वर्षी आणा हं." आणि पुढच्या वर्षापर्यंत थांबणं आईला शक्यच नव्हतं. तूसाच्या जन्माच्या वेळी सोडलेली औषधांच्या दुकानातली नोकरी तिला परत मिळत होती, पण तूसा बालवाडीत गेली तरच. रोज रात्री आई विचारायची, "जमेल ना गं तिला?" आणि सोंदोस छाती पुढे काढून सांगायची, "माझी विद्यार्थिनी आहे ती."

तेवढ्यात जिन्यातून आईचा आवाज आला. "सोंदोस! बरणीतलं चीज पुन्हा कुणी संपवलं गं? कालच भरली होती मी."

सगळ्यांनी कीरोलोसकडे पाहिलं.

"मी नाही," कीरोलोस दुखावल्या स्वरात म्हणाला. "या वेळी खरंच नाही."

हाझेमने कान टवकारले. मोठेपणी हेर व्हायचं त्याने पक्कं ठरवलं होतं आणि इजिप्तमधल्या दुमियातसारख्या सुतारांच्या गावात हेरगिरी करायला काहीच मिळत नाही, म्हणून त्या बाबतीत तो कायम उपाशी असायचा. त्याने सोंदोसला कोपर मारलं आणि हळूच बोट दाखवलं. तूसाच्या फ्रॉकच्या खिशातून चीजचं खारट पाणी ठिबकत होतं.

"शाळा सुटली," सोंदोस घाईघाईने म्हणाली.

तूसा टुणकन उठली आणि जिना उतरू लागली. थोडं अंतर ठेवून तिघंही मागे निघाले. सुतारांच्या गल्लीत पाठलाग करायला फार अक्कल लागत नाही. प्रत्येक दारात करवत चालू असते, तिथे पावलांचा आवाज कुणाला ऐकू येणार? रेदामामाचा, म्हणजे हाझेमच्या बाबांचा, सोफ्यांचा कारखाना मागे टाकून तूसा बालवाडीच्या मागच्या बाजूला वळली. तिथे एक बुटकं दार होतं. ती दारापाशी उकिडवी बसली आणि खिशातलं चीज फटीतून आत सरकवू लागली.

"हे घ्या," ती दाराला म्हणाली. "आज थोडं जास्त आणलंय. आणि नीट ऐका हं. मी तस्नीम महमूद अब्देल-अझीझ. लाल सँडलवाली. मला इथे आणून ठेवलं तर चावायचं नाही. कबूल?"

मग उत्तर ऐकायला तिने फटीला कान लावला.

तिघं भिंतीआड थिजून उभे होते. सोंदोसच्या मनात पहिला विचार आला तो हा, की नाव येतंय हिला, अगदी स्वच्छ येतंय. दुसरा विचार, की हिला एवढी भीती वाटतेय आणि आपल्याला पत्ताच नाही, मात्र काळजाला चटका लावून गेला.

कीरोलोस पुढे झाला आणि तूसाशेजारी जमिनीवरच बसला. "कुणाशी बोलतेस गं?"

"उंदरांशी."

"आत उंदीर आहेत?"

"ही उंदरांची खोली आहे ना," तूसा अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाली. "बालवाडीत जो बोलतो त्याला यात कोंडतात. रेदामामा म्हणाला. म्हणून मी बोलणारच नाही. पण चुकून बोलले तर? मग उंदरांना माझी ओळख हवी ना आधीच?"

कीरोलोसने खुणेने भिंतीआडच्या दोघांना बोलावलं. हाझेम लालबुंद होऊन पुढे आला.

"बाबांनी मलाही हेच सांगितलं होतं," तो म्हणाला. "पहिलं अख्खं वर्ष मी घसा बसल्याचं सोंग घेऊन वर्गात बसलो होतो. मिस मला मधाचं पाणी द्यायच्या."

"आणि तुला कधी वाटलं नाही, उंदरांना चीज द्यावं?" कीरोलोसने विचारलं.

"मला फक्त चड्डी ओली करावीशी वाटली, आणि ते मी केलं."

सोंदोसच्या अंगाचा तिळपापड झाला होता. उन्हाळाभर तिने जे उभं केलं, ते मामाने एका थापेत पाडलं होतं. त्याच रागात तिने दार जोराने ढकललं. दार हललं नाही. पण कुलूप चकचकीत नवं होतं आणि उंबऱ्यावर ताजा भुसा सांडला होता. कीरोलोसने फटीशी नाक नेलं.

"हे माझ्या बाबांचं पॉलिश," तो म्हणाला. त्याचे वडील गल्लीतल्या सगळ्या सोफ्यांना पॉलिश करायचे. "अजून पुरतं वाळलेलंही नाही."

"ए! कोण रे तिकडे?" बालवाडीचा रखवालदार शाबानकाका काठी आपटत आला. "पळा इथून. आत उंदीर आहेत. घुशी आहेत, मांजराएवढ्या. साहेबांचा हुकूम आहे, इकडे कुणी फिरकायचं नाही!"

"कुठले साहेब, काका?" हाझेमने साळसूदपणे विचारलं. "सुट्टीत इथे साहेब कुठे असतात?"

शाबानकाकांची बोबडी वळली. "पळा म्हटलं ना," एवढंच त्यांना सुचलं.

तूसाला मध्ये घेऊन मंडळी गल्लीच्या कोपऱ्यावर थांबली. हाझेम विचारात पडला होता. "आमच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि परवा बघतो तर सगळं मोकळं. बाबा म्हणाले, माल गेला. कुठे गेला ते म्हणाले नाहीत."

"सुट्टीत रिकामी पडलेली खोली," सोंदोस म्हणाली, "आणि पोरं फिरकू नयेत म्हणून उंदरांची गोष्ट. मी आत्ता जाऊन आईला सांगते."

"सांगून काय होईल? आत्या ओरडेल, बाबा हसतील, म्हणतील गंमत केली. तूसाला पटेल का? तिला ती खोली डोळ्यांनी दिसायला हवी."

"आणि किल्ली मामाकडे."

"मग दार मामानेच उघडायला हवं," कीरोलोस शांतपणे म्हणाला. "तेही धावत येऊन."

बेत ठरला. हाझेम इनासमिसच्या घराकडे पळाला. वाटेत आत्यालाही निरोप देऊन गेला. सोंदोस आणि कीरोलोस तूसाला घेऊन कारखान्याच्या दाराशी फळ्यांच्या ढिगावर जाऊन बसले. आत रेदामामा गाणं गुणगुणत खिळे ठोकत होता.

"कीरो," सोंदोस मोठ्याने म्हणाली, "उंदीर फोम खातात का रे?"

"खात नाहीत. कुरतडतात. आणि आत पिल्लं घालतात. वर मखमल असेल तर फारच खूश असतात."

आतली ठोकाठोक थांबली.

"मग बरं झालं बाई, बालवाडीच्या मागच्या खोलीत नुसत्या खुर्च्या आहेत. आमची तूसा रोज तिथे दाराखालून चीज टाकते. खारं, मऊ, घरचं. गावातले सगळे उंदीर एव्हाना तिथेच मुक्कामाला असतील, नाही का?"

आत काहीतरी धाडकन पडलं. पुढच्याच क्षणी रेदामामा एका पायात चप्पल आणि हातात किल्ली अशा थाटात बाहेर आला आणि गल्लीतून सुसाट निघाला. "मामा, काय झालं?" असं सोंदोसने विचारेपर्यंत तो वळणावर पोचलासुद्धा होता.

ते तिघं मागोमाग पोचले, तेव्हा दार सताड उघडं होतं. चिमुकल्या खुर्च्या, रंगीत टेबलं आणि भिंतीवरचा कागदी सूर्य, या सगळ्यांना कोपऱ्यात रेटून मधोमध एक प्रचंड सोफासेट बसला होता. जांभळी मखमल, सोनेरी नक्षी. कुठल्यातरी नवरदेवाच्या घरी जाणारा. मामाने एक उशी उचलली. उशीच्या पोटातून फोमचा चुरा सांडला आणि त्या चुऱ्यातून एक उंदीर बाहेर आला. मिशा फेंदारून त्याने मामाकडे पाहिलं.

"आई गं!" मामा किंचाळला आणि निळ्या टेबलावर चढला.

सोंदोसने तूसाचा हात धरला. पण तूसाने तो सोडवून घेतला. सरळ खोलीत शिरून तिने भिंती पाहिल्या, छत पाहिलं, कागदी सूर्य पाहिला. मग ती टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"मामा, घाबरू नको," ती म्हणाली. "मी आहे ना. ते मला ओळखतात."

दारात हाझेमबरोबर इनासमिस उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे, पिठाचे हात तसेच घेऊन धावत आलेली आई. शाबानकाका काठी पाठीमागे लपवून भिंतीला चिकटले होते.

"रेदाभाऊ," इनासमिस म्हणाल्या, "ते टेबल चार वर्षांच्या मुलांसाठी आहे. उतरा."

मामा उतरला. जागा नव्हती, शाबान ओळखीचा, दोनच आठवड्यांचा प्रश्न, असं काहीबाही तो पुटपुटला. पण आई मधेच म्हणाली, "जागेचं राहू दे. माझ्या पोरीला काय सांगितलंस ते बोल." तेव्हा मात्र त्याची मान खाली गेली. तो तूसासमोर गुडघ्यांवर बसला.

"तूसा, उंदरांची खोली वगैरे काही नसतं. मी खोटं बोललो. चुकलो मी."

"असतं की," तूसा म्हणाली. "ते बघ, सोफ्यात."

हाझेमला हसू आवरेना. इनासमिससुद्धा रुमालाआड हसल्या. मग त्याही खाली बसल्या आणि त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "नाव काय गं तुझं, बाळ?"

तूसाचे ओठ घट्ट मिटले.

सोंदोस एक पाऊल पुढे सरकली. आईने दाराची चौकट घट्ट धरली. तूसाने मिसकडे पाहिलं, मग मामाकडे, मग मिसच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "बोललेलं चालतं?"

"अगं, इथे बोलायलाच तर यायचं असतं," मिस म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा भिजला होता.

"तस्नीम महमूद अब्देल-अझीझ!" तूसा एवढ्या मोठ्याने म्हणाली, की सोफ्यातला उंदीर खिडकीतून पसार झाला.

सोफासेट त्याच संध्याकाळी हलला. मामाने आणि शाबानकाकांनी खोली धुतली, भोकं बुजवली, भिंतींना रंग दिला. "या तिघांनी आज मला फार मोठा धडा दिला," मामा गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटला. मुलाने आपल्याला हातोहात फसवलं, याचाही त्याला चक्क अभिमान वाटत होता. हाझेमच्या कानापर्यंत हे पोचल्यावर तो दोन दिवस जमिनीवर चालत नव्हता.

गुरुवारी बालवाडीच्या फाटकाशी एकच कल्लोळ होता. मुलांनी भोकाड पसरलं होतं. एक गुबगुबीत मुलगा वडिलांच्या पायाला विळखा घालून बसला होता आणि हुंदके देत म्हणत होता, "उंदरांच्या खोलीत नको, उंदरांच्या खोलीत नको." त्याचे वडील ओशाळून इकडेतिकडे बघत होते.

तूसा आईचा हात सोडून त्याच्यापाशी गेली.

"मी बघितलीय ती खोली," ती म्हणाली. "चल, दाखवते. आता तिथे खेळणी आहेत. एक मामा होता, त्याला काढला."

मुलाचं रडणं अर्ध्यात थांबलं. तूसाने हात पुढे केला. त्याने जरा विचार केला, मग तो धरला. ते बघून आणखी एक मुलगी आईच्या कडेवरून उतरली.

आई इतकी हसत होती, की तिचे डोळे भरून आले. इनासमिस फाटकाशी येऊन म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवतेय, पण पहिल्याच दिवशी अशी मुलगी कधी पाहिली नव्हती. कुणी तयार केलं हिला?"

आईने सोंदोसच्या खांद्यावर हात ठेवला. सोंदोस ताठ उभी राहिली. पण तिने तोंड उघडायच्या आतच पोरांना ओढत निघालेली तूसा वळून म्हणाली, "मी."

हाझेमने डोळे वटारले. "बघ, काडीची कृतज्ञता नाही. मी किती रडलो हिच्यासाठी!"

सोंदोसला आधी थोडं लागलं. मग तिला ती मुलगी आठवली, दाराशी एकटी बसलेली, समोर सगळ्यात मोठी भीती आणि तिच्याशी ओळख करून घेणारी. ते कुणी शिकवलं होतं? सोंदोसला तर मुळीच शिकवता आलं नसतं.

"खरं आहे, मिस," ती म्हणाली, आणि तिचा ऊर भरून आला. "सँडलचा पट्टा मी शिकवला. बाकी तिची तीच तयार झाली."

तूसा तोवर दोन्ही पोरांना घेऊन आत शिरली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.