कुणाचंच आवडतं नसलेलं गाणं

"कुणाचंच आवडतं नसेल असं काही संगीत आहे?"

ग्रंथालयाच्या संगीत विभागात असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं होतं. काउंटरमागून तिने मान वर केली.

"हे काय मागणं?"

"मी दातांचा डॉक्टर. दवाखान्यात ओळखीचं गाणं लावलं की ते लोकांच्या मनातून उतरतं. एक बाई म्हणाल्या, लग्नात लावलेलं गाणं ऐकलं की आता दाढ ठणकते."

तिने हसू दाबलं. सहा वर्षं ती धूळ खात पडलेल्या सीडींवर चिठ्ठ्या चिकटवत होती. लोक सीडी नेत, आणून टाकत. कसं वाटलं, हे सांगायला एकही माणूस आला नव्हता. तिने त्यातलीच एक काढून त्याला दिली.

*चिठ्ठी: दोन बहिणी. चौथ्या कडव्यात धाकटी चुकते, थोरली सांभाळून घेते. तेवढ्यासाठी ऐका.*

आठवड्याने तो परत.

"तिसऱ्या कडव्यात चुकते."

"चौथ्याच."

"लावा पैज."

एकाच हेडफोनची एकेक वाटी कानाला धरून दोघांनी ऐकलं. तिसरंच…

"सहा वर्षांत कुणी बोललं कसं नाही?" ती म्हणाली.

"ऐकलं असतं तर बोलले असते."

*चिठ्ठी: बासरी. मागे भांडी वाजतात. वाजू द्या.*

*चिठ्ठी: म्हातारीची अंगाई. ही मी कुणाला देत नाही.*

तीही दिली. आणि घरी जाताना मनात आलं — आता ही ड्रिलच्या घरघरीत वाजणार.

सकाळी ती खोटी दाढदुखी घेऊन दवाखान्यात गेली. खरी कीड निघाली.

रेडिओवर हवामानाच्या बातम्या चालू होत्या. तोंडात कापसाचे बोळे. तिने भुवया उडवून रेडिओकडे बोट केलं.

"तुमच्या सीडी इथे नाही लावत," तो आरसा पुसत म्हणाला. "पहिलीच लावणार होतो. मग चिठ्ठी वाचली… घरी ऐकतो. चुका मुद्दाम शोधतो. तुमच्याशी भांडायला यायचं तर काहीतरी हवं ना?"

"आं."

"कापूस असताना विचारतोय म्हणजे भित्रा आहे, मान्य. पण — रोज भांडायला आलो तर चालेल?"

"आं."

"याला हो समजू?"

तिने डोळे मिटले. गाल बधिर होता, कान तापले होते.

"अर्धा तास बोलू नका," बोळे काढत तो म्हणाला. "घरी गेलात तरी चालेल."

ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "झालं ना तुमचं?"

तिने घड्याळाकडे बघत मान हलवली. नाही.