मचाणावरची दुर्बीण

पहिल्याच भेटीत प्रीतीनं नागसेनला बडवलं.

मुद्दाम नव्हे हो! पन्हाळ्याच्या पलीकडल्या डोंगरात त्या सकाळी वणवा लागला होता. नवं गवत जोमानं फुटतं म्हणून कुणीतरी आपलं रान पेटवून दिलं आणि आग सरळ जंगलात शिरली. गावच्या बाया ओल्या डहाळ्या घेऊन धावल्या. धुरात प्रीतीला एका खाकी शर्टाच्या टोकाला ठिणगी दिसली. तिनं मागचापुढचा विचार न करता करंजाची डहाळी हाणली. एकदा, दोनदा... तिसऱ्यांदा जरा जास्तच.

"इझलं की गं!" खाकी शर्ट कळवळला. "आता काय मलाच इझवतीस व्हय?"

तो नवा वनरक्षक होता, उचगावचा नागसेन. भुवया करपलेल्या, तोंडाला काजळी, आणि तरी स्वारी दात काढून हसत होती. प्रीतीनं डहाळी पाठीमागं लपवली. संध्याकाळी चुलीपुढं बसल्यावर मात्र तिला ते हसूच आठवत राहिलं आणि दोन भाकऱ्या करपल्या.

पुढच्याच आठवड्यात, म्हणजे १९९८च्या फेब्रुवारीत, जाळरेषेचं काम निघालं. वणवा पसरू नये म्हणून जंगलातला गवताचा लांब पट्टा आधीच जाळून मोकळा करतात, ती जाळरेषा. प्रीती त्या कामावर लागली. दव असेपर्यंत पट्टा पेटवायचा, विझवायचा, मग दर दहा पावलांवर राखेवर उलटा हात धरून बघायचं. ऊब लागली नाही तरच "गार!" म्हणून आरोळी द्यायची.

"डोळं फसवत्यात," नागसेन सांगायचा. "हात फसवत न्हाय. तुमच्या आरोळीवर माझा भरवसा हाय."

"गार!" प्रीती ओरडायची.

"राख, का तू?" पलीकडून तो विचारायचा.

"माझ्यावर हात धरून बगायचं काम तुमचं न्हवं, गार्डसायेब!"

बाया खिदळायच्या. मुकादम अंबूबाई लटकंच खेकसायची. कामाला जाताना प्रीती आताशा वेणी दोनदा घालायची आणि आपण असं का करतो, हे स्वतःला विचारायची नाही.

...आणि मग ते मचाण आलं.

जाळरेषेच्या वरच्या टेकाडावर लाकडी मचाण उभं राहिलं. धूर दिसतोय का ते बघायला वाण्याची शिवलीला नेमली. बारावी झालेली, नजर तेज, केसांत अबोलीचा गजरा. तिच्या हाताशी एक दुर्बीण आणि एक पितळी थाळी. धूर दिसला की थाळी बडवायची.

झालं! नागसेनला मचाणाचं भलतंच वेड लागलं. सकाळी वर, दुपारी वर, घरी जाता जाता पुन्हा वर. खालून प्रीतीला दोन डोकी शेजारी शेजारी दिसायची आणि शिवलीलाचं हसणं ऐकू यायचं. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मचाणावर गजरा कुणाला दाखवायचाय हिला?

"एवढा धूर निगतोय व्हय गं तिकडं?" तिनं अंबूबाईला विचारलं.

"धूर हितंच निगालाय," अंबूबाई म्हणाली, "तुझ्या नाकातनं."

नागसेन जवळ आला की प्रीती तोंड फिरवायची.

"काय झालं? रुसलीस?"

"मी कोण रुसणार? जावा की वर. तितं हवा चांगली हाय."

आणि हा शहाणा खरंच वर जायचा!

तीन आठवडे तिनं असं गिळलं. मग त्या दिवशी ओढ्याच्या वळणावर ती एका जळक्या खुंटाशी वाकली, तेवढ्यात वरून शिवलीला खळखळून हसली. प्रीतीनं मान वर केली. दुर्बीण नागसेनच्या डोळ्यांना आणि ही बया त्याच्या खांद्याशी! प्रीतीचा हात राखेपर्यंत पोचलाच नाही.

"गार!" ती खेकसली आणि तरातरा पुढं निघून गेली.

खुंटाच्या पोटात निखारा होता. तासाभरात वारा सुटला. थाळी वाजली तेव्हा आग उतारावर चढली होती. डहाळ्या मारून मारून सगळ्यांचे हात सोलपटले. माणूस कुणी भाजलं नाही, पण कारवीचा अख्खा उतार काळा पडला.

दुपारी रेंजरसाहेबांची जीप आली.

"थाळी इतकी उशिरा का वाजली?" ते शिवलीलावर कडाडले. "दुर्बीण काय शोभेला दिली होती? उद्यापासून हिला इथं ठेवू नका."

शिवलीलाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तीन आठवडे प्रीतीला हेच तर हवं होतं! नुसतं गप्प बसलं की झालं. बोललं तर काम जाणार, आणि तिच्या आरोळीवर भरवसा ठेवणारा नागसेन पुन्हा तिचं तोंडही बघणार नाही. पण त्या रडणाऱ्या पोरीकडं बघून प्रीतीला स्वतःचीच लाज वाटली.

"सायेब, चूक माझी हाय," ती म्हणाली. "वळणावरचा खुंट मी हात न लावताच गार म्हणून सांगितला."

"का?"

"माझं ध्यान... मचाणावर हुतं."

नागसेनचा चेहरा उतरला. मग त्यानं टोपी काढली आणि पुढं आला.

"शिवलीलाची चूक न्हाय, सायेब. दुर्बीण माझ्याकडं हुती."

"मग तुम्हाला धूर कसा दिसला नाही?"

"मी... धूर बगत न्हवतो."

"मग काय बघत होता?"

नागसेन हातातली टोपी झटकायला लागला. शेवटी शिवलीलाच डोळे पुसत उसळली, "अय्यो, सांगा की आता! रोज 'दे जरा, दे जरा' म्हणून दुर्बीण काढून घेतासा, आन हिलाच बगत बसतासा. मी धूर कशानं बगू?"

तिचं बोट प्रीतीकडं होतं. अंबूबाईनं पदर तोंडाला लावला. साहेबांना उगाचच खोकला आला. प्रीतीला आठ दिवस कामबंदी आणि नागसेनला लेखी समज देऊन ते जीपमध्ये बसले.

सगळे उतरून गेले. दोघंच राहिली, समोर तो काळा उतार.

"आन ती हसत का हुती?" प्रीतीचा राग अजून पुरता गेला नव्हता.

"मी तिला इचारलं, प्रीतीला कसं सांगू? तर म्हणाली, खाली जाऊन सांगा... दुर्बिणीतनं ऐकाय येत न्हाय."

"मग सांगा की."

"तू मला आवडतीस, प्रीती. पयल्या दिवसापास्नं."

प्रीतीला रडू फुटलं. सोलपटलेल्या हातानं तिनं त्याची बाही घट्ट धरली.

"मलाबी तुम्हीच," ती म्हणाली. "पर आदीच सांगितलं असतं, तर एवढा डोंगर जळला नसता."