बापूंच्या सीटवर

उतराणीच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवशी बडोद्यात रस्त्यावर माणूस दिसत नाही. सगळं गाव अगाशीवर असतं. खाली उरतात ती कुत्री, कटलेले पतंग आणि ज्यांच्या घरात वर्षभरात कुणी गेलंय अशी माणसं. स्नेहलताकाकूंनी मला नेमकं त्याच दिवशी बोलावलं. फोनवर म्हणाल्या, "हे गेल्यानंतरची पहिली संक्रांत आहे. बाहेरच्या कुणीतरी येऊन तोंड गोड करायचं असतं. तू ये." एवढे नातेवाईक सोडून मीच का, हे विचारायची माझी टाप नव्हती. जिलबी बांधून घेतली, मांज्याने गळा कापू नये म्हणून ओढणी गुंडाळली आणि अलकापुरीतून स्कूटर रावपुऱ्याकडे काढली.

त्यांच्या नवऱ्याला मी आयर्लंडमध्ये मागे ठेवून आले होते. कसं, तेच तर सांगायचंय.

मी टूर मॅनेजर आहे. बडोद्याच्या माणसांना जगभर हिंडवते, थेपले पुरवते, हॉटेलवाल्यांशी गरम पाण्यावरून भांडते. आमच्या छोट्या कंपनीचे मालक केयूरभाई. गेल्या मे महिन्यात त्यांनी नवीन टूर काढली, टायटॅनिकच्या मागावर आयर्लंड. आधी बेलफास्ट, जिथे ती बोट बांधली, आणि शेवटी दक्षिणेचं कोव्ह बंदर, जिथे ती शेवटची थांबली. थांबली म्हणजे बाहेर खोल पाण्यात उभी राहिली. अमेरिकेला निघालेल्या गरीब घरच्या पोरांना धक्क्यावरून लहान आगबोटींनी तिच्यापर्यंत नेलं. त्यातली बरीचशी परत आली नाहीत. त्या लाकडी धक्क्याचे कुजके खांब अजून पाण्यात उभे आहेत.

काकू आणि त्यांचे यजमान बापू जगताप त्या टूरवर होते. बापू रेल्वेतून रिटायर झालेले, बोलके, खोडकर. डबे जोडताना त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं तुटलं होतं. "अर्धं बोट रेल्वेने घेतलं, बाकीचा मी पेन्शनवर," असं म्हणून ते सगळ्या बसला हसवायचे. काकू मात्र अबोल. दोघं चालायचे ते एकापुढे एक, मधे चांगलं अंतर ठेवून.

आता माझी एक पद्धत सांगायला हवी. मी माणसं मोजत नाही. मोजलेल्या माणसांना दृष्ट लागते असं आई म्हणायची, ते डोक्यात पक्कं बसलंय. मी बस सुटायच्या आधी प्रत्येकाच्या हातात बडोद्याच्या लीला चिवड्याचं एक पाकीट देते. जेवढी माणसं तेवढीच पाकिटं पिशवीत घातलेली असतात. पिशवी रिकामी झाली की सगळे आले. केयूरभाई याला हसायचे, पण कधी कुणी मागे राहिलं नव्हतं.

कोव्हला त्या संध्याकाळी पावसाची पिरपिर होती. ओल्या लाकडाचा आणि शेवाळाचा वास येत होता. हॉटेलातलं जेवण चुकेल म्हणून ड्रायव्हर घाई करत होता. मी भराभरा पाकिटं वाटली, पिशवी रिकामी झाली, बस सुटली. जवळच्या कॉर्क शहरातल्या हॉटेलपाशी सगळे उतरले, आणि काकू खिडकीजवळच्या रिकाम्या सीटकडे बघत म्हणाल्या, "आत्ता तर होते..."

बापू सकाळी सापडले. त्या जुन्या खांबांपाशी, पाण्यात. पोलीस म्हणाले, ओल्या दगडावरून पाय घसरला असावा. दहन तिथेच केलं. अस्थी मी मांडीवर घेऊन विमानात बसले आणि चांदोदला नर्मदेत सोडल्या तेव्हाही हजर होते. चौकशीत मी सांगितलं की पाकिटं संपली होती. बसमधल्या सगळ्यांनी तेच सांगितलं, की बापू सीटवर होते, शाल पांघरून, खिडकीकडे तोंड करून. काकूंनीही तेच सांगितलं. मला कुणी बोल लावला नाही. आणि मी एक गोष्ट पोटात ठेवली ती ठेवलीच.

काकूंच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की मोहना, तुझी चूक नव्हती. तेवढ्या एका वाक्यासाठी मी त्या दिवशी जिने चढले.

दार उघडंच होतं. दिवेलागण झाली होती, पण घरात दिवा नव्हता. वर अगाश्यांवर स्पीकर, पिपाण्या, "लपेट, लपेट!" असा नुसता गिल्ला, आणि आत त्यातलं काही पोचत नसल्यासारखं सामसूम. मी चप्पल काढली आणि पाय गार फरशीवर पडला. जानेवारीतली कोरडी हवा, पण घरात वास होता ओल्या लाकडाचा... शेवाळाचा. मला वाटलं, माझ्याच मनाचे खेळ.

काकू हिंचक्यावर बसल्या होत्या. अगदी एका कडेला. तरीही हिंचका कलला नव्हता, सरळ झुलत होता.

"आलीस? बैस ना. इथे नको, खुर्चीवर बैस."

मी जिलबीचा पुडा टीपॉयवर ठेवला. मग जे बोलायला आले नव्हते तेच तोंडातून निघालं.

"काकू, मी कुणालाच सांगितलं नाही... त्या दिवशी पाकीट घ्यायला बापूंच्या सीटवरून उजवा हात पुढे आला ना, त्याची बाही निथळत होती. आणि हाताला पाचही बोटं अख्खी होती. मी बघितलं, काकू. बघूनसुद्धा पुढे गेले. उशीर होत होता म्हणून..."

मला रडू फुटलं. इतके महिने जे आवरून धरलं होतं ते सगळं आलं. काकूंनी रडू दिलं.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तो हात माझ्याच हातात होता ना."

हिंचक्याची कडी हळू कुरकुरत होती.

"ह्यांनी इथून तीळ नेले होते. म्हणाले, एवढी पोरं बुडाली, कुणी पाणी दिलं असेल का त्यांना? तिलांजली देतो. मी म्हटलं, अहो, पण त्यांचं गोत्र कुठे ठाऊक आहे? तर म्हणाले, आपलंच सांगतो, परकं कशाला करायचं. तू बसमध्ये जाऊन बैस, मी आलोच." काकूंनी डाव्या हाताने पदर सावरला. "नंतर गुरुजींना विचारलं. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायचं असतं. आपलं द्यायचं नसतं गं... आपलं दिलं की तो घरचा होतो."

वर कुणाचातरी पतंग कटला आणि एकच ओरडा झाला.

"त्या पोरांतला एक येऊन बसला आणि त्याने माझा हात धरला. ह्यांनी सगळ्या जन्मात कधी चारचौघांत हात धरला नव्हता. मधलं बोट अख्खं लागलं तेव्हा कळलं मला, मोहना. तरी मान वळवली नाही. वळवली तर सोडेल, असं वाटलं." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "मला बरं वाटत होतं गं. हे तिकडे पाण्यात होते, आणि मला बरं वाटत होतं."

मी इतका वेळ त्यांच्या मांडीकडे बघायचं टाळत होते. आता बघितलं. उजवा हात उताणा पडला होता, आणि बोटं मिटलेली, पण पुरती नाही. मधे काहीतरी असावं तेवढी फट सोडून. काठावरून पदर ओला झाला होता.

"केयूरभाई परत काढतायत ना ती टूर?"

"मे महिन्यात. मला विचारलंय, पण मी नाही म्हणणार आहे."

"नाही म्हणू नकोस. ह्याला घेऊन जा, तिथे धक्क्यावर सोड. आणि ह्यांना घेऊन ये. ते वाट बघत असतील. अस्थी सोडल्या म्हणून काय झालं, बस तर आली नाही ना त्यांना घ्यायला? माझं नाव सांग. म्हणावं, स्नेहलताने जागा धरलीय."

त्या क्षणी मी काहीही कबूल केलं असतं. मी डोळे पुसले आणि म्हणाले, "नेते, काकू. मी नेते त्याला."

हिंचका थांबला. पाय टेकवून थांबवतात तसा नाही, एकदम. काकूंनी घाईघाईने मूठ आवळली आणि लहान मुलीसारखं म्हणाल्या, "पण इतक्यात नको हं. मे महिन्यात... तोवर राहू दे."

मी उठले. "येते," म्हणाले आणि जिना उतरले. माझ्या चपलांच्या आवाजाव्यतिरिक्त दुसरा आवाज नव्हता, हे मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. खाली आले तेव्हा आकाशात तुक्कल चढले होते, दोऱ्याला बांधलेले कागदी कंदील, एकाखाली एक. मी स्कूटरवर बसले, किल्ली फिरवली, आणि मागचं चाक दबलं. कुणी मागे बसलं की दबतं तसं.

तेवढ्यात वर गॅलरीत काकू धावत आल्या. केस सुटलेले, दोन्ही हात रिकामे.

"आत्ता नको म्हटलं ना मी! अरे, मे महिन्यात... थांब!"

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या मागे बघत होत्या.

मी थांबायला हवं होतं. वर जाऊन त्यांच्यापाशी बसायला हवं होतं. पण पाठीला गारवा लागत होता आणि मी इतकी घाबरले की तशीच निघाले. नवरा मी त्यांचा मागे ठेवून आले होते, आणि जे काही त्यांच्याकडे उरलं होतं तेही घेऊन निघाले.

घरी मी एकटीच असते. पहिले काही दिवस घरातले सगळे दिवे लावून भिंतीला पाठ टेकून बसायची. ऊद जाळला, रामरक्षा म्हटली, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. कशानेच काही झालं नाही. कुणी काही वाजवत नाही, हलवत नाही, बोलत नाही. फक्त सोफ्याची एक बाजू ओलसर असते. मग एका संध्याकाळी ऑफिसात नको तेवढं ऐकून घेऊन आले, दमले होते, स्वतःचा वीट आला होता. सोफ्यावर बसले आणि हात उताणा ठेवला. का ठेवला, सांगता येणार नाही. हात गार आहे, पण धरला की सोडत नाही. माझी चूक नव्हती, असं मला त्या वेळी वाटतं. तेवढ्याच वेळापुरतं.

काकूंचा फोन रोज येतो. आधी रागावल्या होत्या, आता रागावत नाहीत. "कसा आहे तो?" एवढंच विचारतात, आणि मी सांगते, बरा आहे. बापूंचं नाव आम्हा दोघींपैकी कुणीच काढत नाही.

मे महिन्याची टूर भरत आलीय. केयूरभाईंनी दोनदा विचारलं, "मोहनाबेन, तुम्ही जाणार ना? नक्की करून टाका ने." मी अजून हो म्हटलेलं नाही. उद्या सांगते म्हणाले. कोव्हला मे महिन्यातही गारठा असतो, आणि त्याला सोडायचं त्या धक्क्यावर वारा फार.