पुढनाव

या, टेका असे. चहा येईस्तोवर एक गोष्ट ऐका, चंद्रावरच्या आपल्या या खाणवस्तीचीच. खालून आजच आलात, इथली रीत ठाऊक नसंल.

खाली आडनाव मागं लागतं. इथं पुढनाव आधी. हवेच्या यंत्राला काहीही सांगायचं तर ते काय आहे ते आधी, नाव मागून. माणूस-सगुणा. सामान-टिकाव. रोप-कुंडी सात. त्या पुढनावावरनं यंत्र ठरवतं, हवा कुणाला, दार कुणाला, कोठीत कोण.

तर ही सगुणा, खाणीवरची वेल्डर, बाळंत झाली. पोरगी. यंत्राच्या इंजिनियर पळसुलेबाई धावत आल्या.

"नाव सांग गं लवकर! माणूस म्हटलं की नाव लागतंच, त्याबिगर हवा सोडत नाही ते."

"बारशाला. आत्या यानातनं येतीय, ती सांगंल कानात."

"तोवर ठकी म्हण. मागनं बदलू."

"बाई, आधीची दोन गेली. दोघांची नावं बारशाआधी ठेवलेली. मेले तरी नाही ठेवायची."

खोलीत हवा एकीपुरती. पोर निळं पडायला लागलं. तेव्हा बाईंना सुचलं, रोपाला नाव लागत नाही, कुंडीचा नंबर चालतो. लिहिलं, रोप-कुंडी नव्वद. फस्सकन हवा आली. पोरगी रडली, आम्ही हसलो.

बारशाला आत्यानं कानात सांगितलं, वसुधा. बाईंनी नाव बदललं. पुढनाव बदलेना.

"यंत्र तुमचंच ना?" सगुणा म्हणाली.

"म्हणूनच. पुढनाव बदलू दिलं तर उद्या एखादा मुकादम माणसाचं सामान करील. मीच बंद केलं ते."

"मग पुसा, नवीन घाला."

"पुसायचं तर 'मेलं' लिहावं लागतं. आणि एकदा मेलं लिहिलं, की त्या अंगाला यंत्र पुन्हा हवा देत नाही."

सगुणानं पोर छातीशी धरलं. पुसणं राहिलं.

आता सात वर्षांची आहे. वटवट विचारू नका. हवा मिळते, पाणी मिळतं, उजेड तर आपल्यापेक्षा जास्त. फक्त दार उघडत नाही. रोप आपलं आपण कुठं चालतंय? माणसानं उचलून न्यावं लागतं. सगुणा पाळीवर, माझी कंबर गेलेली.

ती बघा, दप्तर घेऊन दाराशी उभी. शाळा तुमच्या वाटेवरच आहे. कडेवर घ्या तिला. दार विचारंल, हातात काय? 'रोप' म्हणा. पण जरा हळू म्हणा हं. तिला आता कळायला लागलंय.