जुनाच नंबर

दैवशालाबाईंना घरात फोन हवा होता तो एकाच कारणासाठी. लेक राजनंदिनी वडीगोद्रीला दिलेली, सातवा महिना लागलेला, पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं ठरलेलं आणि वाटूरच्या शिवारातल्या या घरात मोबाइलला रेंज नावाची गोष्ट नाही. दोन शब्द बोलायचे तर गच्चीवर चढा. त्यात बाईंचा स्वभाव असा, की लेकीशी बोलणं झालं नाही तर सगळं घर डोक्यावर घ्यायच्या.

केबलवाल्या तन्वीरने इंटरनेटवर चालणारा घरचा फोन सुचवला. दोन कंपन्या होत्या. एकीचा खर्च कमी, पण नंबर नवा. दुसरी जुना लँडलाइनचा नंबर परत द्यायची. बाईंनी दुसरी धरली. जुनी तार रस्त्याच्या कामात उखडून कितीतरी वर्षं झाली होती, पण तो नंबर लेकीला लहानपणापासून पाठ होता.

तन्वीरने नंबर टाकून पाहिला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"काकू, ह्यो चालू दाखवून राह्यला. बंद पडलाच न्हाई म्हनतो."

"कुठं चालू?"

"तुमच्याच नावावर. ह्याच घरात. नवा घेऊन टाका, बिलकुल झंझट न्हाई."

पोरगं अंग चोरतंय, असं समजून बाईंनी त्याला चार शब्द सुनावले आणि नंबर तोच घेतला. भिंतीवर इंटरनेटचा डबा बसला, हिरवा दिवा लागला, माळ्यावरचा जुना फोन पुसून जोडला गेला.

लेकीचा फोन काही येईना. बाई त्याच्यासमोरच भाजी निवडायच्या, तिथंच जेवायच्या. आपण लावावा तर लेकीची लाइन सारखी व्यस्त. तन्वीर येऊन बघून गेला. त्याने मोबाइलवरून लावला की फोन खणखणीत वाजायचा. शेवटी चरफडत त्या गच्चीवर गेल्या आणि मोबाइलवरून लेकीला झाडलं. आईची आठवण तरी येते का तुला?

राजनंदिनी हसली. म्हणाली, रोज तर बोलतो आपण घरच्या फोनवर. कालच नाही का सांगितलंस, बाळासाठी पिवळं दुपटं शिवतेय म्हणून?

 दुपटं पिवळंच होतं. ते त्यांनी ट्रंकेत ठेवलं होतं आणि कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं.

खाली येऊन त्यांनी डब्याची वायर उपटली. दिवा विझला. तरी रिसीव्हर कानाला लावला. आत कुणीतरी बोलत होतं, हळू, मायेनं, मध्ये मध्ये थांबून. शब्द कळत नव्हते. आवाज मात्र ओळखीचा होता, आणि तो आपलाच आहे हे कळायला बाईंना बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी गच्चीवरून त्यांनी पुन्हा लेकीला फोन लावला. तिने लगेच उचलला.

"कोन हाव तुम्ही?"

जन्मात लेकीने त्यांना अहोजाहो केलं नव्हतं. 

"आईनं सांगितलंय मला तुमच्याबद्दल. पुन्हा फोन करू नका."

नंतर नंबर लागेचना. जावई अंगदला लावला तर त्याने उचलला, पण बाईंचा आवाज ऐकताच ठेवून दिला.

बाईंनी एसटी धरली. जालन्याला गाडी बदलली. वाटेत भीतीपेक्षा रागच जास्त होता; समोर उभी राहिले की पोरगी गळ्यात पडेल, असं त्या मनाशी घोकत होत्या. वडीगोद्रीला उतरल्या तेव्हा भर दुपार होती. अंगद दुकानावर गेलेला. घराचं दार लावलेलं. त्यांनी कडी वाजवली.

"कोन?"

"अगं, मी. आई."

पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. मग राजनंदिनीचा आवाज आला. दबका. तो दाराकडे नव्हता, फोनमध्ये होता.

"आई, आली बघ ती. तू म्हनलीस तशीच. हुबेहूब तुझा आवाज काढून राह्यली."

बाईंनी दोन्ही हातांनी दार बडवलं. वरची कडी सरकली. मग खालचीही.

"व्हय, लावलं," लेक म्हणत होती. "तू पोचलीस? ये मंग जल्दी. मागचं उघडंच हाय."

बाई भिंतीला धरत घराला वळसा घालून धावल्या.

मागचं दार आतून लागलेलं होतं.

आत लेक कुणालातरी म्हणत होती, "बस गं. पानी आनते."