सृष्टीच्या भिंतीवरचे साठ दिवे

खोटं वाटलं तर सोडून द्या. मला कुणाला पटवायचं नाही. आता काय करू, एवढं कुणीतरी सांगावं म्हणून लिहितोय.

रात्र नव्हती. मागच्या वर्षीचा श्रावण, बुधवार, दुपारचे सव्वाचार. नाशिकमध्ये अंबडच्या कारखान्यांमागे आमचं छोटं रो-हाऊस आहे. तिथंच घडलं.

माझी मुलगी सृष्टी सहा वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही.

मी कारखान्यात पॅनेलची वायरिंग करतो. तिच्यासाठी एक बोर्ड आणला. अंगठ्याच्या नखाएवढा, त्यावर बारीकसा माईक. आवाज झाला की त्याला जोडलेली एलईडीची पट्टी पेटते. मागच्या दारापासून भिंतभर साठ दिवे लावले. आवाज लांबचा असला तर दाराकडचे दोन-चार, जवळचा असला तर सगळे.

शाळेतल्या बाईंनी दोन वर्षं खपून तिला एकच आवाज शिकवला होता. ओ. मी सवय लावली, दिवे लागले की लगेच ओ द्यायची.

पहिल्यांदा माझ्या हाकेला तिनं ओ दिली, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

सासूबाई येवल्याहून आल्या होत्या. त्यांना हे अजिबात पसंत नव्हतं.

"जावईबापू, पयल्या हाकेला ओ देऊ नाय. माणूस असलं तर तिसरी हाक मारतंच. दुसरं काही असलं ना, तर दोनदाच मारतं."

"मग तिसऱ्या हाकेलाच दिवा लागेल असं करून देऊ का, मामी?" मी हसलो.

करता आलं असतं. दहा मिनिटांचं काम होतं.

त्या बुधवारी पहिली पाळी करून घरी आलो. बायको योगिनी दळण आणायला गेलेली. सासूबाई आत झोपलेल्या. तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, कारखान्यांची घरघरही थांबली. अंबडमध्ये इतकं शांत कधी नसतं.

पट्टी पॉवर बँकेवर चालू होती. सृष्टी फरशीवर चित्र काढत होती.

आणि...

दाराजवळचे पाच दिवे दोन ठोक्यांत लागले. विझले.

मी कान दिला. काहीच नाही. पाल नाही, मोबाईल नाही.

सृष्टीनं मान वर केली.

मग... चाळीस दिवे. पुन्हा दोन ठोक्यांत. मी "सृष्टी" म्हणतो तेव्हा लागतात, अगदी तसेच.

घरात आवाज नव्हता हो. मला माझा श्वास ऐकू येत होता.

दोन हाका झाल्या होत्या.

सासूबाईंची थट्टा करणाऱ्या मी देवाला हात जोडले. तिसरी येऊ दे. शेजारीण असू दे, कुरिअरवाला असू दे, कुणीही असू दे, पण तिसरी हाक येऊ दे.

भिंत अंधारीच राहिली.

सृष्टी उठून मागच्या दाराकडे धावली. कडीला हात घातला.

"सृष्टी, नको!"

मी ओरडलो. ऐकू न येणाऱ्या लेकरावर ओरडलो.

माझ्या आवाजानं साठच्या साठ दिवे पेटले.

तिनं ते पाहिलं. हसली. दार उघडून बाहेर पाहत तिनं मोठ्यानं ओ दिली.

मी तिला उचलून आत ओढलं. बाहेर दोरीवर कपडे वाळत होते. बाकी कुणी नाही.

सासूबाई उठून आल्या होत्या. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "दिली का ओ?"

त्यांनी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. पोरीला तापसुद्धा आला नाही. वाटलं, सुटलो.

पण त्या दिवसापासून माझ्या आवाजाला ती पट्टी लागत नाही.

योगिनीनं हाक मारली की लागते. कुकरच्या शिट्टीला लागते, कुत्रा भुंकला तरी लागते. मी तीन बोर्ड बदलले. कारखान्यात टेबलावर माझ्या आवाजाला झगझगतात. घरी आणून लावले की एकही दिवा लागत नाही.

आणि घर शांत असलं की कधीकधी... दाराजवळचे पाच लागतात.

योगिनी म्हणाली, काढून टाका ते. काढलं. पण मग कळेना की ते हाक मारणारं कुठवर आलंय. एका दिवसात मी परत लावलं.

परवा सृष्टीनं भिंतीकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे. ओठ काढून, डोळ्यांत पाणी आणून खुणेनं विचारलं, बाबा, तू मला हाक का मारत नाहीस?

मारतोय गं. घसा बसेपर्यंत मारतोय.