दोघांना एकच इंजेक्शन

"माझ्या नवऱ्याला औषध म्हणून पाणी टोचलं!" अशील बाई बसायच्या आधीच म्हणाली.

भाच्याने खुर्ची पुढे केली. आत्या खासगी तपास करायची आणि भाचा, चाळिशी उलटली तरी, तिची पिशवी सांभाळायचा.

बाईच्या नवऱ्याचं शरीर स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स मारत होतं. नव्या औषधाची पहिलीच चाचणी होती. आधी याच आजाराच्या एका मुलीला दिलं, ती बरी झाली. मग याला दिलं आणि तो मेंदूत रक्तस्राव होऊन गेला.

"त्याआधी कसे होते?"

"स्टेरॉइडवर तगून होते. तोंड भोपळ्यासारखं, झोप नाही, सारखं खा खा. पण जगत होते हो! चाचणीसाठी त्या गोळ्या बंद कराव्या लागल्या."

रुग्णालयातली नर्स तडकली. "दोघांची औषधं एकाच खोक्यातली होती. टोचताना डॉक्टर शेजारी होते."

डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. "इंजेक्शनचा त्रास एकच, दंड दुखतो. मुलीच्या प्लेटलेट्स आधी घसरल्या, मग वाढल्या. म्हणून यांच्या नवऱ्याच्या घसरल्या तेव्हाही म्हटलं, थोडं थांबू, वाढतील."

मुलगी घरी बिस्किटांचा पुडा संपवत होती. गाल टम्म फुगलेले. "रात्री झोपच येत नाही, मग डबे उघडत बसते," ती हसली. आईने दूध आणलं आणि पेला रिकामा होईपर्यंत ती समोरून हलली नाही.

"कडू लागतंय गं."

"तोंडालाच चव नाही तुझ्या."

"पोरगी बरी झाली, म्हणजे औषध खरं," भाचा बाहेर पडताच म्हणाला. "गडबड डॉक्टरचीच."

"तुझी अक्कल कुठे चरायला गेलीय?"

दुसऱ्या दिवशी आत्याने सगळ्यांना डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं.

"औषध दोघांना एकच मिळालं आणि दोघांनाही काडीचा उपयोग झाला नाही. इंजेक्शनने नुसता दंड दुखतो. मग या पोरीचे गाल, ही भूक, उडालेली झोप कशाची? स्टेरॉइडची, चाचणीसाठी बंद केलेल्या गोळ्यांची. तिला ते ठाऊक नाही, नाहीतर दूध कडू लागतंय, असं ती म्हणाली नसती. पेला संपेपर्यंत समोर कोण उभं होतं?"

"मला वाटलं, बरी झाली म्हणून अंग धरलंय," डॉक्टर पुटपुटले.

आई रडू लागली. "गोळ्या सुटल्या आणि हिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. माझ्याने बघवेना. कुटून दुधात घातल्या. त्यावरून दुसऱ्याला थांबवतील, हे मला काय माहीत?"

डॉक्टरांनी फोन उचलून चाचणी थांबवायला सांगितलं. बाई उठून त्या आईसमोर गेली. आता ही तिच्या अंगावर धावून जाणार, म्हणून भाचा पुढे सरसावला.

"आमच्या यांच्याही हिरड्यांतून रक्त येत होतं," बाई म्हणाली. "गोळ्या घरात होत्या. त्यांनी हात पसरून मागितल्या. मी दिल्या नाहीत. डॉक्टरांना शब्द दिला होता ना!"